बिनपावलांचा ससा

अक्कलकोट रोडला सायकलवर खेळणी विकणाऱ्या चाचांनी मला मदत केली, हे आधी सांगतो.

आठवीत शाळा सोडून मी गडचिरोलीहून इथं टॉवेलच्या कारखान्यात आलो. धाकटी बहीण गोळ्यांच्या डब्या जमवते, वर प्राण्याचं मुंडकं असलेल्या, ते मागं केलं की गोळी बाहेर येणाऱ्या. घरून निघताना त्यातला तिचा सगळ्यात जुना ससा माझ्या पायाखाली मोडला. तेव्हापासून ती फोनवर येईना. चाचांकडं ससे होते, पण नवे, खाली पावलं असलेले. तिचा बिनपावलांचा होता. मी एक घेतला आणि चाचांना बहिणीचं सांगत तिथंच ब्लेडनं पावलं कापायला बसलो.

चाचा हसले. "पाय तोडून जुना व्हतो व्हय रे? जुन्याचे कान बी आखूड असत्यात. पोरगी लगेच वळखंल की!"

मग त्यांनी पिशवीच्या तळातून बिनपावलांचा ससा काढला, फुंकर मारून सदऱ्याला पुसला. "माज्या लेकीचा हाय. सासरी जाताना हितंच राहिला. घेऊन जा."

पाळीचा भोंगा वाजला. कामावरून काढतील या भीतीनं मी ससा घेऊन पळालो. नाव विचारलं नाही, आभारही मानले नाहीत.

ससा मी घरी पाठवला, बहीण आता बोलते. चाचा मात्र पुन्हा दिसले नाहीत. त्यांच्या लेकीची आठवण मी उचलून नेली, हे सलत राहतं. तसाच जुना ससा मिळवून मी एक दिवस त्यांच्या हातात देईनच.