सासूबाईच्या काठावर दोन खुर्च्या

श्रीपाद तारी मासे धरायला निघाला की गाडीच्या डिकीत दोन घडीच्या खुर्च्या टाकायचा. हिरवी त्याची आणि निळी सरलाची. सरलाला जाऊन वर्ष होत आलं, तरी निळी खुर्ची डिकीत जायचीच, आणि काठावर उघडून मांडलीही जायची. येणारेजाणारे बघायचे, पण विचारायचं कोणी नाही. जर्मन माणसाचं हे एक बरं असतं, तुमच्या रिकाम्या खुर्चीत तो नाक खुपसत नाही.

खरं तर हा मासेमारीचा नाद लावला सरलानंच. श्रीपाद र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात गिअरबॉक्सवर काम करणारा इंजिनिअर. दोघंही मूळचे देवगडचे. इथल्या सुपरमार्केटातला बर्फातला मासा पहिल्यांदा तळला तेव्हा सरला ताट सरकवून म्हणाली होती, "अहो, हा मासा आहे की पुठ्ठा? तुम्ही एवढे शिकलेले, एक ताजा मासा आणता येत नाही घरात?" झालं! श्रीपादनं गुपचूप मासेमारीच्या परीक्षेला नाव घातलं. देवगडच्या माणसाला मासे धरायला परीक्षा! तिकडे चुलतभावांना कळलं तेव्हा ते आठवडाभर हसत होते.

परीक्षा झाली, परवाना आला, ओडेनवाल्डच्या डोंगरातल्या एका फेराइनचं, म्हणजे मासेमारांच्या मंडळाचं, सभासदत्व मिळालं. दर एप्रिलमध्ये तिथे टँकर यायचा. मत्स्यकेंद्रात हौदात वाढवलेले ट्राउट बादल्यांनी ओढ्यांत सोडायचे, महिनाभर कोणी गळ टाकायचा नाही, मग मे उजाडला की सगळ्यांनी काठावर हजर. सरलाला याची भारी गंमत वाटायची. "म्हणजे आपणच सोडायचे आणि आपणच धरायचे? लहान मुलांचा लपंडाव झाला की हा!"

ओढ्यांची जर्मन नावं तिच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिनं आपली नावं ठेवली. एक खळखळत, उड्या मारत येणारा, तो भाचा. दुसरा होता सासूबाई. वरून शांत आणि आतून कधी काय करेल याचा नेम नाही. दिवसदिवस बसवून ठेवेल, बोट भिजेल एवढंही देणार नाही, आणि एखाद्या दिवशी अशी ओटी भरेल की बघत राहावं. जुन्या दगडी पुलाखाली सासूबाई एक वळण घ्यायची. तिथलं पाणी काळं, खोल. ती जागा सरलाची.

दोन हजार बाराचा मे तर श्रीपाद मरेपर्यंत विसरायचा नाही. पाऊस कोसळत होता, दोघं पुलाखाली. सासूबाईनं तासाभरात चार ट्राउट दिले. सरलानं छोटा गॅस पेटवला, तिरफळं ठेचली, मासे रव्यात घोळवून तव्यावर सोडले. तेवढ्यात फेराइनचे राखणदार हेर्र किलियान परवाना तपासायला टपकले. परवाना राहिला बाजूला, तीन तुकड्या खाऊन, तिरफळानं लाल झालेलं नाक पुसत म्हातारा म्हणाला, "बाई, हा मासा इथे चाळीस वर्षं आहे, पण त्याला चव आजच आली." सरला पुढे महिनाभर ते वाक्य फोनवरून देवगडला ऐकवत होती. त्याच दिवशी परतताना निळी खुर्ची मिटता मिटता ती म्हणाली, "मी गेले ना, की मला इथेच सोडा हो. देवगड फार लांब पडतं."

श्रीपादनं ते हसण्यावारी नेलं. दोन वर्षांनी, मे महिन्यातच, सकाळचा चहा घेऊन उठली ती कोसळली. मेंदूत रक्तस्राव. दुपारी सगळं संपलं होतं.

इथे रक्षा घरच्यांच्या हातात देत नाहीत, कायदाच आहे तसा. मायदेशी नेऊन विसर्जन करणार असं लिहून दिलं तेव्हा कुठे कलश मिळाला. आणि निघायच्या आदल्या दिवशी श्रीपादनं जे केलं ते कुठल्या शहाण्या माणसानं केलं नसतं. त्यानं कलश उघडला, अर्धी रक्षा तिच्याच तिरफळांच्या डब्यात काढली, आणि एकटा जाऊन पुलाखालच्या वळणावर पाण्यात सोडली. तिची इच्छा एक आणि देवगडची रीत एक, दोन्ही राखू, असा त्याचा हिशेब. गिअरबॉक्समध्ये ताकद अर्धी इकडे अर्धी तिकडे वाटता येते. बायको वाटता येते का, हा विचार त्या माणसाच्या डोक्यात आला नाही.

उरलेली घेऊन तो आणि मुलगी ऊर्जा देवगडला गेले. ऊर्जा डार्मश्टाटला शिकत होती, इथेच वाढलेली, मराठी सगळं समजायचं पण उत्तर अर्धं जर्मनमध्ये यायचं. समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तिनं आईला निरोप दिला. श्रीपाद मागे उभा. तेव्हा सांगायला हवं होतं. त्यानं तोंड उघडलं नाही.

परत आल्यावर जूनमध्ये तो पहिल्यांदा वळणावर जाऊन बसला, आणि पाण्यात त्याला तिचा आवाज आला. दगडांमधून पाणी जाताना होतो तसाच तो आवाज, पण शब्द स्पष्ट होते. "अहो, मी नेमकी कुठे येऊ?"

तो उठला, गाडीत बसला, पुन्हा परत आला. पाणी म्हणतच होतं. अहो, मी नेमकी कुठे येऊ? इंजिनिअर माणूस, त्यानं मनाशी मांडून पाहिलं: ओढ्याचा वेग एवढा, पुढे माइन नदी, पुढे ऱ्हाइन, रक्षा केव्हाच उत्तरेच्या समुद्राला मिळाली असणार. मन ऐकेल तर शपथ. त्याला भीती वाटायची, आणि भीती वाटते म्हणूनच तो दर शनिवारी जायचा. आपण नाही गेलो तर ती हाक कोणाला मारेल?

मासे लागायचे. ओला, गार मासा हातात आला, मारायला लाकडी दांडका उचलला, की त्या गोल न मिटणाऱ्या डोळ्याकडे त्याची नजर जायची आणि तो दांडका खाली ठेवायचा. या पाण्यातला मासा. याच्या पोटात काय गेलं असेल? तो गळ सोडवायचा आणि मासा परत पाण्यात. वर्षभरात त्यानं मासा तोंडात घातला नाही, आणि गळ टाकणंही थांबवलं नाही.

एप्रिलमध्ये टँकर आला. किलियाननं नेमकी त्याच्याच हातात बादली दिली. "तारी, पुलाखालचं वळण तुझं." श्रीपादनं बादली ओतली. शेपट्यांची टोकं हौदाच्या सिमेंटला घासून झिजलेले ते मासे क्षणभर गोंधळले, आणि मग त्याच्या सावलीखाली येऊन तोंडं उघडून थांबले. हौदात वाढलेला मासा तो, माणसाची सावली पडली की खाणं येतं एवढंच त्याला ठाऊक. श्रीपादला मात्र वाटलं, तिनंच पाठवलेत, उत्तर न्यायला.

मेच्या पहिल्या शनिवारी चांगला हातभर ट्राउट सोडून देताना किलियाननं त्याला पाहिलं. म्हातारा जवळ आला. मग निळ्या खुर्चीपासून जरा अंतर ठेवून उभा राहिला. "तारी, मला तुझं दुःख कळतं. पण नियम तुला माहीत आहे. खायचा असेल तर धरायचा. उगाच धरून सोडायचा म्हणजे जिवाचे हाल. एकतर घरी ने, नाहीतर जाऊ दे."

श्रीपाद त्या रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी ऊर्जाचा फोन. "बाबा, आईचं वर्षश्राद्ध. वाडी ठेवायची ना?" गेलेल्या माणसाच्या आवडीचं जेवण केळीच्या पानावर बाहेर ठेवतात, कावळा शिवला की ते पोचलं, ती वाडी. "केळीचं पान मी फ्रांकफुर्टहून आणते. आल्झो, तर मग भात, सोलकढी, आणि सासूबाईचा ट्राउट. तिकडेच करू, पुलाखाली. दुसरा मासा नको हं, आईला कळेल."

सांगा आता! श्रीपादनं नाना सबबी सांगितल्या. पाणी कमी आहे, मासे लागत नाहीत, मत्स्यकेंद्रातून आणू. पोरगी आईवर गेलेली. शनिवारी सकाळी पान, तवा आणि तिरफळं घेऊन दारात हजर.

वळणावर गळ टाकून हिरव्या खुर्चीत टेकतोय तोच मासा लागला. एवढ्या लवकर सासूबाईनं कधी दिला नव्हता. श्रीपादनं तो जाळीत घेतला, दांडका उचलला, आणि तसाच खाली ठेवला.

"बाबा? वास इस्ट लोस? काय झालं?"

"ऊर्जा, मला हा मारता येणार नाही. तुझी आई इथे आहे." आणि मग त्यानं डब्यापासून सगळं सांगून टाकलं. मासा जाळीत तडफडत होता, श्रीपाद बोलत होता.

ऊर्जानं हातातला तवा खाली ठेवला. रडेल असं त्याला वाटलं. ती रडली नाही, चिडली, आणि चिडल्यावर तिच्या तोंडून स्वच्छ मराठी आलं.

"मी डिसेंबरात एकटी देवगडला का गेले होते, बाबा? तिच्याशी बोलायला. उन्हावाऱ्यात समुद्रावर बसायचे मी, म्हटलं आई इथेच आहे. आणि ती इथे होती? माझ्या खोलीपासून अर्ध्या तासावर? तुम्ही दर शनिवारी तिला भेटत होता आणि मला समुद्र दिलात?"

वर्षभर श्रीपादला वाटत होतं, आपण सरलाचे दोन भाग केले. पोरीच्या वाट्याला काय आलं, ते त्यानं पाहिलंच नव्हतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "फार चुकलं, बाळा."

"त्याला आधी मारा," ऊर्जा जाळीकडे बघत म्हणाली. "त्याचे हाल करू नका."

श्रीपादनं दांडका घातला. एकच, नीट. मग काठावर बसून मासा साफ केला. ऊर्जानं गॅस पेटवला. तिरफळाचा वास पुलाखाली भरला तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

पान मांडलं, भात, कढी, तळलेला ट्राउट. काठावरच्या आल्डर झाडाच्या फांदीवर एक कावळा होताही. बघत बसला. शिवेना. श्रीपादनं हात जोडले, माणसं अशा वेळी बोलतात तसं बोलला. "सरला, ऊर्जाचं शिक्षण पुरं करतो." कावळा ढिम्म. "तब्येतीकडे बघतो." कावळ्यानं मान फिरवली. "तुला पुन्हा कुठे वाटणार नाही. पोरीपासून काही लपवणार नाही." कावळा उडून गेला.

श्रीपादनं तोंड झाकलं. ऊर्जानं मात्र पान दोन्ही हातांवर उचललं, गुडघाभर पाण्यात उतरली आणि पान हळूच कलतं केलं. तिची सावली पडायचा अवकाश, काळ्या पाण्यातून झिजल्या शेपट्यांचे ट्राउट वर आले. एक, मग चार, मग मोजता येईनात इतके. पाणी उसळलं. शीत न् शीत वेचून नेलं त्यांनी, त्यांच्याच भाऊबंदाची तुकडीसुद्धा ठेवली नाही. रिकामं पान फिरत फिरत पुलाखालून निघून गेलं.

"जेवली," ऊर्जा म्हणाली. ओल्या पायांनी वर आली आणि न विचारता निळ्या खुर्चीत बसली. वर्षभरात त्या खुर्चीला कोणाचं वजन माहीत नव्हतं, ती कुरकुरली. ऊर्जानं तव्यावर उरलेली तुकडी मोडून बापापुढे धरली. "खा."

श्रीपादनं ती खाल्ली. मग सवयीनं कान पाण्याकडे लावला. पाणी दगडांमधून जात होतं, नुसतंच. तो बराच वेळ ऐकत राहिला. ज्या हाकेनं वर्षभर त्याची झोप उडवली होती, ती आज आली नाही. तोंडात तिरफळाची चव होती, शेजारी पोरगी होती, आणि सरला गेली आहे हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तो तोंड उघडं टाकून रडायला लागला, लहान मुलासारखा, आणि ऊर्जा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.