बरकतभाईंची साखर

पूर्वी आमच्या दिघीतल्या साखरेला रॉकेलचा वास यायचा. दुकानदार रॉकेल मापायचा, हात धोतराला पुसायचा आणि त्याच हातानं साखर बांधून द्यायचा. चहाचा पहिला घोट घेतला की शिसारी यायची.

बरकतभाईंचं दुकान तेवढं वेगळं. भोसरीला कारखाने यायला लागले त्या सुमारास त्यांनी ते टाकलं, आणि पहिल्या दिवसापासून एक नेम धरला: आपण रॉकेलला शिवायचं नाही. रॉकेलचं पिंप मागच्या पडवीत. तिथं त्यांच्या बायको झुलेखाभाभी माप घेऊन बसायच्या; त्या दुकानात यायच्या नाहीत, भाई पडवीत जायचे नाहीत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, भाई म्हणायचे, "मागं जावा भाऊ, बेगम देतीय." भाई घरी कंदील तरी लावतात की नाही, अशी आम्ही थट्टा करायचो. पुढं समोर नवं, चकचकीत दुकान झालं, तरी साखरेला भोसरीच्या कारखान्यांतल्या कामगारांची सगळी बिऱ्हाडं भाईंकडंच.

एक्याऐंशी साली पुण्याच्या एका कॉलेजची पोरं आली. त्यांना खेड्यातल्या दुकानांचा इतिहास लिहायचा होता. भाईंनी चहा पाजून पाजून सगळं सांगितलं, नेमही सांगितला. पोरांचं लक्षच नव्हतं. त्यांना फोटो हवा होता. पडवीत उजेड नाही आणि भाभी फोटोला उभ्या राहीनात, म्हणून त्यांच्या म्होरक्यानं पिंप दुकानात ओढत आणलं, साखरेच्या उघड्या पोत्याला टेकवलं आणि माप भाईंच्या हातात दिलं.

"हे आमचं काम न्हाई," भाई म्हणाले.

"एकच फोटो, चाचा. खरं वाटलं पाहिजे."

पाहुण्याला नाही म्हणणं भाईंना कधी जमलं नाही. "अहो, नका धरू ते," असं भाभी दारातून म्हणाल्या, तोवर फोटो निघाला होता.

पोरं गेल्यावर भाईंनी दुकान बंद केलं, राखेनं हात घासले आणि ते पोतं परसातल्या खड्ड्यात ओतलं. मी शेजारीच राहतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

महिन्याभरानं पोरांनी गावच्या शाळेत फोटो लावले. भाईंचा सगळ्यात मोठा. हातात रॉकेलचं माप, खाली साखर. उद्धवराव आयुष्यभर भाईंचीच साखर खाल्लेला माणूस. तो म्हणाला, "म्हंजे आत ह्ये चालायचं व्हय!"

मी भांडलो. पोतं ओतल्याचं सांगितलं.

"मग ओतलं कशापायी? वास आला म्हनूनच की," तो म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

गाढवाला गुळाची चव काय! गिऱ्हाईक समोर गेलं. तिथली साखर रॉकेलनं घाण मारते, ती यांना गोड लागते. त्या पोरांना म्हणे कॉलेजात बक्षीस मिळालं. मला त्या पोरांची किळस येते आणि या गावाची त्याहून जास्त.

काल मी साखर आणायला गेलो. दुकानात चिटपाखरू नव्हतं. पुडी बांधण्याआधी भाईंनी हात पुढं केला, माझ्या नाकाजवळ.

"हुंगून बघा भाऊ, आधी."

मी त्यांचा हात खाली केला आणि साखर घेऊन घरी आलो. सुमननं, माझ्या बायकोनं, पुडी सोडली आणि डब्यात ओतायच्या आधी नाकाला लावली.