तिसऱ्या ताणावरचा माणूस

भांडगावात घरामागे चाळीस फुटी टॉवर उभा करायचं ठरलं, तेव्हा फौज सोडून मला अकरा वर्षं झाली होती. सिग्नल्समधून हवालदार म्हणून निवृत्त झालो. पुढे हॅम रेडिओचा परवाना काढला, सेट घेतला. पण गच्चीवरच्या तारेने बारामतीपलीकडचं काही धड ऐकू येईना. माझ्यासारखेच परवाना असलेले दोन मित्र आहेत. मिलिंद कुरकुंभच्या एका कारखान्यात फिटर आहे. सलीमभाई दौंडला रेल्वेत होते. टॉवर सलीमभाईंनी भंगारातून शोधला आणि मिलिंदने त्याचे गंजलेले भाग बदलले.

असा टॉवर एकटा उभा राहत नाही. तीन बाजूंना जमिनीत खुंट गाडून पोलादी तारांनी तो ताणून धरावा लागतो. या तारा म्हणजे ताण. माणूस वर असताना ताणाला हात लावायचा नाही. लावायचाच असेल तर वरच्याने हुकूम द्यायचा, खालच्याने तो मोठ्याने परत म्हणायचा, मग हात. जवानांना मी वर्षानुवर्षं हेच शिकवलं.

आदल्या संध्याकाळी दोघांकडून हे घोकून घेतलं. सलीमभाई म्हणाले, "फौजी, पस्तीस साल रेल्वेत गेली माझी. गाडी सोडताना कधी चूक नाही झाली. आता तुम्ही शिकवा." तरी दोनदा म्हणायला लावलं.

दोन खुंट माझ्या जागेत बसले. तिसऱ्याच्या आड विहीर आली, म्हणून तो वाटेपलीकडे रोवला. ती वाट शेजारच्या रावसाहेब आप्पांच्या उसाची. आप्पांना विचारलं होतं. "बांधा की. वाट काय पळून जाती व्हय?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांची तोड आहे का, हे मात्र मी विचारलं नाही.

सकाळी सातला काम सुरू केलं. साडेदहापर्यंत टॉवरचे चारही तुकडे एकावर एक जोडून झाले. प्रत्येक खुंटाला एक वरची आणि एक खालची, अशा सहा तारा खुंटाजवळचे स्क्रू आवळून ताणल्या. अकराला मिलिंद वर चढला. सलीमभाई अँटेना वर ओढायच्या दोरीवर, मी हँडसेट घेऊन पायथ्याशी.

"वर पोचलो. पट्टा बांधला. ओव्हर."

"रॉजर."

"फौजी, हितनं तुमच्या सासुरवाडीचं घर दिसतंय. बोलवू का कुणाला? ओव्हर."

"काम कर. ओव्हर."

अकरा वीसला टॉवर हलला. शेंडा घराच्या बाजूला झुकला. हँडसेटवर मिलिंदचा आवाज आला, "ताण कुणी सोडला?"

मी मागे वळलो. उसाने भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर वाटेत उभा होता आणि आप्पा तिसऱ्या खुंटाशी वाकले होते. खालची तार त्यांनी सोडून जमिनीवर टाकली होती. वरचीचा स्क्रू निम्मा फिरवला होता.

मी ओरडलो.

"आप्पा, स्क्रू सोडा. लांब व्हा. सलीमभाई, खालची तार ट्रॅक्टरच्या पुढच्या हुकाला."

"खालची तार पुढच्या हुकाला," सलीमभाई पळतच म्हणाले.

"मिलिंद, पट्टा सोडू नकोस. टॉवरला मिठी मार."

"मारली. ओव्हर."

ड्रायव्हरने ट्रॅक्टर हातभर मागे घेतला. तार ताणली गेली. मी वरचीचा स्क्रू उलटा फिरवून आवळला. शेंडा सरळ होईपर्यंत मोजून बावीस आटे फिरवले. अकरा चाळीसला मिलिंदचे पाय जमिनीला लागले. तो तिथेच बसला, तांब्याभर पाणी प्याला आणि म्हणाला, "आप्पा, ऊस कारखान्याला चालला व्हता, ठीक हाय. मला कुठं धाडत व्हता?"

सलीमभाई हसले. मलाही हसू आलं आणि थांबेना.

आप्पा हसले नाहीत. "म्या कुठं सोडली? वाऱ्यानं सैल झाली आसंल."

शेजारच्या फडातलं पाचटसुद्धा हलत नव्हतं. पण मला आप्पांचा राग आला नाही. हेच वाक्य मी एकदा सावधानमध्ये उभा राहून, तीन अधिकाऱ्यांसमोर हिंदीत बोललो होतो.

तिथेच तिघांना सांगितलं. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

उत्तरेकडची उंचावरची पोस्ट. असाच टॉवर. वर नाईक संपत, तळेगाव ढमढेऱ्याचा. तिसऱ्या ताणावर मी. टॉवर मला किंचित वाकडा दिसला, म्हणून मी ताण सैल केला. हुकूम नव्हता. वर कळवलंही नाही. त्याच क्षणी बाजू बदलायला संपतने पट्टा काढला होता. तो साठ फुटांवरून पडला. चौकशीत मी म्हणालो, "साहब, हवा का झोंका आया।" कागदावर तेच गेलं.

मग आप्पांनी टोपी काढली.

"मीच सोडली, हवालदार. ट्रॉली जाईस्तोवर दोन मिंटांचं काम म्हणलं. तुम्ही वर बघत व्हता, हाक मारली न्हाई."

"झालं आता," मिलिंद म्हणाला. "खाली आलोय ना मी."

आप्पांनी ट्रॉली लांबून वळवून नेली. अँटेना दुपारी चढली. साडेचारला सोलापूरच्या एका माणसाने आमचा आवाज स्वच्छ येतोय म्हणून कळवलं.

दुसऱ्या दिवशी पारगावचा पूल ओलांडून न्हावऱ्यावरून तळेगावला गेलो. संपतचा धाकटा भाऊ अंकुश बाजारासाठी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होता. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्याने हातातली जुडी बांधून पूर्ण केली.

"आईला कायम वाटायचं, पट्टा नीट बांधला नसंल ह्यानं," तो म्हणाला. "घाईचा व्हता ना. मरूस्तोवर म्हणत व्हती, माझ्या पोराची चूक झाली."

त्याने जुडी बाजूला ठेवली.

"बसा. च्या घ्या. आन् हे लिहून द्या. घरात ठेवतो."

त्याने वहीचा कागद दिला. मी पोस्टचं नाव आणि वेळ लिहिली. मग लिहिलं : नाईक संपतने पट्टा बांधला होता. बाजू बदलताना तो काढावाच लागतो, तसाच त्याने काढला. त्याने काहीही चुकीचं केलं नाही. ताण मी सोडला. वारा नव्हता.

खाली सही केली. अंकुशने कागद दोनदा वाचला आणि आत जाऊन संपतच्या फोटोमागे ठेवला.