नारायणरावांच्या जागेवरची सुपारी

रक्कम पन्नास रुपये. भरली सोमवारी, तारीख ३ फेब्रुवारी १९१३ रोजी, सीताबर्डीवरच्या फोटो स्टुडिओत. हजर चौघे – स्टुडिओचे मालक म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान नारायणराव, माझी बहीण गोदा, मी, आणि पैसे घेणारा युरोपियन वैमानिक.

मी जिनिंग कारखान्यात हिशेब पाहत आलो, म्हणून सुरुवात अशी. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. आजही नाही असेच म्हटले असते... पण फोटोची एक काचेची प्लेट आड येते.

वैमानिकाने आपले विमान पेट्यांत घालून रेल्वेने आणले होते आणि तेलंगखेडीपलीकडच्या माळावर ते जोडले होते. शनिवारी तो उडणार होता. मागे एक जागा होती. तिचे भाडे पन्नास रुपये.

"आपलं नागपूर वरून कसं दिसते, हे घारीशिवाय कोणाले ठाऊक हाय दादा? मले तो फोटो काढाचा हाय," नारायणराव म्हणाले.

"घारीले पन्नास रुपये नाही लागत," गोदा म्हणाली. "अन् पडले मंग?"

"पडलो तर दादा खालून फोटो काढतीन!"

ती चिडली. पण ते पन्नास रुपये उभे राहिले ते तिच्याच पाटल्या मोडून. त्या तिने स्वतः काढून दिल्या होत्या.

गुरुवारी नारायणरावांना ताप भरला. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. शनिवारी सकाळी त्यांना उशीवरून मान उचलवत नव्हती. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहून ते एवढेच म्हणाले, "तुमी जा. खालून तरी काढा." फोटो काढायला आणि प्लेटा धुवायला त्यांनीच मला शिकवले होते. प्लेटांचा नवा डबा मी माझ्या हाताने फोडला, तीन प्लेटा भरल्या.

दारात गोदाने नारायणरावांच्या उपरण्यात गाठ मारलेली एक सुपारी माझ्या हातात ठेवली.

"विमानात ह्यायच्या जागेवर ठेवजा."

"अवं गोदे, ते विमान आहे, सत्यनारायण नाही!"

"पूजेले बायको नसली तर माणूस कमरेले सुपारी लावून बसतेच नं? मंग नवरा नसला तर काहून चालत नाही? तुमाले जड होते का सुपारी?"

लोक हसतील, हे तिला सांगायचे माझ्या ओठावर आले होते. तिचे डोळे पाहिले आणि निघालो.

माळावर बैलगाड्यांची रांग लागली होती. मी वैमानिकाला इंग्रजीत कसेबसे समजावले. तो म्हणाला, इतका हलका प्रवासी मला आजवर मिळाला नव्हता. पण थट्टा तेवढीच. उपरणे त्याने स्वतः मागच्या जागेला घट्ट बांधले.

पंखा फिरू लागला तसा असा वारा सुटला की माझे पागोटे उडाले आणि माझ्या मागे गवतावर वेडेवाकडे उलगडत गेले. मी उचलले नाही. उचलत बसलो असतो तर विमान हुकले असते. ते वर गेल्यावर बोडक्यानेच तिन्ही प्लेटा काढल्या. कॅमेरा तिवईवर होता, त्याचे तोंड आभाळाकडे.

विमान उतरले. सुपारी गाठीसकट परत मिळाली. मी नारायणरावांच्या घरी पोहोचलो तो दारात माणसे उभी होती...

नारायणराव गेले होते.

गोदा रडत नव्हती. म्हणाली, "शेवटी मोठ्यानं हासले, दादा. 'पाह्य, दादाचं पागोटं उडालं,' म्हणे. मंग शांत झाले."

तोवर माझे पागोटे पुन्हा माझ्या डोक्यावर होते. माळावरून माझ्याआधी कोणी घरी आले नव्हते. तापात माणूस काहीही बरळतो – मी स्वतःला सांगितले. सुपारी त्यांच्याबरोबर चितेवर गेली.

रविवारी दुपारी मी प्लेटा धुतल्या. दोन ठीक होत्या: आभाळात अंधूक विमान. तिसरीवर आभाळ नव्हतेच. झाडांचे शेंडे वरून दिसत होते, बैलगाड्या काड्यापेट्यांएवढ्या, माणसांचे वर केलेले चेहरे. कोपऱ्यात विमानाच्या पंखाची कड आणि एक तार. मधोमध तिवई, तिच्याशेजारी एक बोडका माणूस, आणि त्याच्या मागे गवतावर पागोट्याची वेडीवाकडी पांढरी रेघ.

तो माणूस मी.

जुनी प्लेट चुकून भरली म्हणावे, तर डबा नवा. वैमानिकाने काढली म्हणावे, तर त्याच्याजवळ कॅमेरा नव्हता, आणि प्लेट तर माझ्या कॅमेऱ्यातली. पुढे कामठीच्या एका जाणत्या फोटोग्राफरला दाखवली. तो म्हणाला, "हे वर बसून काढलेलं आहे. कोण बसलं होतं?"

वैमानिक सोमवारी निघणार होता. नारायणराव गेल्याचे कळताच त्याने निरोप धाडला होता – भाडे परत घेऊन जा. मी त्या तिसऱ्या प्लेटेचा कागदावर छाप काढून गोदासमोर ठेवला आणि म्हणालो, "साहेब पैसे परत देतो म्हणते. तुले आता लागतीन."

तिने तो फोटो खिडकीशी नेला. फार वेळ पाहत राहिली. बोट पागोट्याच्या रेघेवर थांबले.

"सुपारी त्या जागेवरच होती नं?"

"होती."

"मंग हे बसून गेले, दादा. भाडं काहून परत मांगून राहिले तुमी?"

आयुष्यभर मी लोकांचे हिशेब तपासले. या हिशेबात मला चूक काढता आली नाही.

स्टेशनवर विमानाच्या पेट्या चढत होत्या. मी वैमानिकाला सांगितले, पैसे नकोत, आमच्या माणसाचा प्रवास झाला. फोटो दाखवला. त्याने तो उलटसुलट पाहिला, कोणी काढला विचारले. मी नाव सांगितले. त्याने हॅट काढली.

आता नागपुरावरून विमाने जातात आणि पोरे मानही वर करत नाहीत. मी करतो. प्लेट गोदाजवळ आहे. उलगडा मला आजवर झालेला नाही.

पन्नास रुपये. वैमानिकास भरून पावले.