हर्ब ड्रिसकॉलचा चढ

हर्ब ड्रिसकॉल आमचा शेजारी. नदीपासून वरच्या कुरणापर्यंतची जीपची वाट त्याच्या बापाने खोदलेली. लांबी जेमतेम तीन किलोमीटर, पण चढ असा उभा की समोरच्या काचेत नुसतं आभाळ दिसावं. चाळीस उन्हाळे हर्ब त्या वाटेने गुरांसाठी मीठ घेऊन गेला. मग त्याची नजर हळूहळू गेली. लायसन काढून घेतलं त्या दिवशी तो जीपच्या बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला.

त्या डिसेंबरात, आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, त्याची मुलगी नोएलीन मेलबर्नहून आली. म्हणाली, "चल डॅड, मी नेते तुला." मी मागे मिठाच्या पोत्यांवर बसलो.

पहिल्याच वळणावर गिअर किंचाळला.

"जीप आहे ती, हट्टी शेळी नव्हे. ओढू नकोस, चालू दे तिला," हर्ब म्हणाला.

"मग तूच चालव ना!"

"चालवली असती. झाडं तक्रार करतील."

अर्ध्या वाटेवर ढग उतरला. वाकड्या निलगिरी एकेक करून पुसल्या गेल्या, मग वाट, मग बॉनेटसुद्धा. डावीकडे दरी. नोएलीनने ब्रेक दाबला.

"डॅड, मला काही म्हणजे काही दिसत नाहीये."

"बरं झालं. आता आपण दोघं सारखे." हर्बने डोळे मिटले. "पहिला गिअर. ब्रेकवरचा पाय काढ. आता उंचवटा येईल."

आला.

"वाट डाव्या कुशीवर कलली की उजवीकडे वळायचं. थांब... थांब... हां, वळ. अजून थोडं. झालं, सरळ घे."

इंजिनाची घरघर आणि त्याचा संथ आवाज, एवढंच जग उरलं होतं. भीती कधी गेली कळलं नाही; झोपेत कुणीतरी आपल्याला उचलून नेत असावं, तसं वाटत होतं.

अचानक ऊन आलं. आम्ही पठारावर होतो आणि खाली चहूकडे पांढरे ढग पसरले होते. नोएलीन स्टिअरिंगवर डोकं टेकून हसली, मग रडली. हर्ब उतरला, मुठीत मीठ घेऊन त्याने लांब हाक दिली. गवतातून गाई सावकाश आल्या आणि त्याचा तळवा चाटू लागल्या.

नोएलीन मेलबर्नला परतली नाही. पुढचे सहा उन्हाळे तीच चालवायची, हर्ब शेजारी. शेवटच्या वर्षी तो वळणं सांगेनासा झाला. मी विचारलं, तर म्हणाला, "तिला येतात की. मी आपला बसतो, मजेत."