पुनवेच्या संध्याकाळची गोळी

शेजारच्या बाईची नात औषधांच्या कॉलेजात शिकते. एक दिवस कुंपणावरून म्हणाली, "आजी, आमच्या कॉलेजात पेशंट व्हायचं का?"

मी म्हटलं, "आहेच की मी. आणखी काय व्हायचं?"

"तसं नव्हं. परीक्षेचा पेशंट. थायलंडहून एक पोरगी आलीय दोन महिन्यांसाठी. आमच्या कॉलेजातल्या दोघी तिकडं गेल्यात, ती इकडं आली. तिला इथल्या एका माणसाशी बोलून, त्याच्या गोळ्या बघून, तो कुठं चुकतो ते शोधायचंय. नाय सापडलं तर नापास."

"आणि पेशंट चुकतच नसंल तर?"

"चुकतोच हो आजी. सगळे चुकतात."

हे मला काही आवडलं नाय. पण तिच्या आज्जीची चटणी माझ्या घरात असते नि माझं लोणचं तिच्या घरात, म्हणून व्हय म्हणाले.

आता माझी अडचण सांगते. मी हर्सूलकडं राहते, मालक गेल्यापासून एकटी. पोरगा पुण्याला. त्याचं घर पाचव्या मजल्यावर, आणि तिथं मला खोली काढून ठेवलीय, पलंगावर चादरसुद्धा घालून. मी जात नाय. गेल्या साली मला एकदा संध्याकाळी चक्कर आली, तेव्हा तो धावत आला आणि जाताना म्हणाला, "पुन्हा असं झालेलं कळलं की सामान बांधून नेणार. विचारणार नाय." आणि शेजारच्या या नातीला स्वतःचा नंबर देऊन गेला. पोरगी गुणाची, पण तिच्या पोटात पाणीसुद्धा फार वेळ राहत नाय.

तर चक्कर पुन्हा येत होती. हात थरथरायचे, घाम फुटायचा, मी उंबऱ्याला धरून खाली बसायची. एकदा हातातलं पातेलं पडलं. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "काय झालं वो?" मी म्हटलं, मांजर.

हे व्हायचं पुनवेच्या संध्याकाळी. ते मला माहीत होतं, पण बोलले कुठंच नाय. पुनवेला मी अष्टशील पाळते. पांढरी साडी, सकाळी विहारात वंदना, आणि दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत जेवण नाय. मला वाटायचं, चक्करचं सांगितलं की सगळे आधी हेच बंद करा म्हणतील. गोळी मात्र मी कधी चुकवली नाय. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काहीही झालं तरी शुगरची संध्याकाळची गोळी चुकवायची नाय. मी शब्दाची पक्की.

कॉलेजात गेले तर तिथं एका खोलीत मेडिकल दुकान मांडलेलं. काउंटर, काचेची कपाटं, आणि कपाटांत औषधांची नुसती रिकामी खोकी. शिकायसाठी. एकदा रस्त्यावरची एक बाई खरंच खोकल्याचं औषध घ्यायला आत आली होती म्हणे. सरांनी तिला पाणी पाजून परत पाठवलं.

पाहुणीला इथली माणसं कळावीत म्हणून सरांनी एक कागद तयार केला होता. नातीनं तो मला मराठीत वाचून दाखवला. भारतातले वृद्ध रुग्ण शाकाहारी असतात. ते मान डावीकडं उजवीकडं हलवतात, त्याचा अर्थ होकार धरावा. त्यांना उपवास विचारावेत. खाली चौकोन होते: सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र, रोजा. मी सकाळीच सुकट-भाकरी खाऊन आले होते, पण छापील कागदाला खोटं पाडणारी मी कोण.

थायलंडची पोरगी बुटकीशी, पांढऱ्या कोटात बुडालेली. मला बघून तिनं हात जोडले आणि इतकी वाकली की मी मागं बघितलं, कोण आलंय म्हणून. तिला मराठी येत नाय, मला इंग्रजी येत नाय. मी वाचायला शिकले ते पोराच्या पाठ्यपुस्तकांवरून, आणि इंग्रजीपर्यंत पोचायच्या आधी तो मोठा होऊन निघून गेला. म्हणून दुभाषी पाहिजे. दुभाषी कोण, तर शेजारची नात.

तेव्हाच मी ठरवलं, चक्करचं लपवायचं, बाकी काय विचारलं तरी हो म्हणायचं.

"आजी, गोळी रोज घेता का?"

"हो."

"जेवणाच्या आधी घेता?"

"हो."

"कधी चुकते का?"

"हो."

"आजी! चुकते?"

"नाय गं. हो म्हणजे, विचारलं ते कळलं."

"कधी चक्कर, घाम, थरथर?"

"नाय."

"उपवास?"

"नाय."

चक्करचं मी खोटं बोलले. उपवासाचं नाय. उपवास आमच्या घरात सासूबाईंच्या पिढीनं धम्म घेतला तेव्हाच सोडले. अष्टशीलाला आम्ही उपवास म्हणत नाय, आणि कागदात त्याचा चौकोनही नव्हता.

पोरगी सगळं लिहून घेत होती आणि दर ओळीला तिचा चेहरा उतरत होता. इतका चांगला पेशंट तिला नको होता. दुसऱ्या दिवशी नात कुंपणावरून म्हणाली, "रडत होती वो ती. काहीच सापडंना म्हणून. परवा शेवटची भेट, मॅडम तपासायला बसणार." मी म्हटलं, "बघू." आणि आत येऊन दिनदर्शिका बघितली, तर परवा पुनव.

ताप आलाय म्हणून सांगता आलं असतं. पण पेशंटनं आजारी पडलो म्हणून पेशंट व्हायला नाय म्हणायचं, हे माझ्याच्यानं होईना. शिवाय रडणारी पोरगी डोळ्यांसमोरून जाईना.

मी बाराच्या आत विहारातच जेवून सरळ गेले, गुलमंडीच्या बाजारातून घेतलेल्या पांढऱ्या साडीतच. दुपारचे दोन वाजले होते. सर, तपासणाऱ्या मॅडम, नात, सगळे बसलेले. शिपायानं चहा-समोसे आणले.

सर म्हणाले, "घ्या आजी, लाजू नका."

"पोट भरलंय."

"अर्धा तरी घ्या."

"पोट लई भरलंय."

पोरगी माझ्याकडं बघत होती. साडीकडं बघितलं, मग समोशाकडं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं. हातातला सरांचा कागद तिनं उलटा करून ठेवला आणि कोटातून फोन काढला.

मॅडम म्हणाल्या, "परीक्षेत फोन चालत नाही."

तोवर तो फोन माझ्या हातात होता. फोटोत एक म्हातारी, केस बारीक कापलेले, अंगभर पांढरे कपडे, बुद्धमूर्तीपुढं हात जोडून बसलेली. पोरगी म्हणाली, "याय." मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तिची आज्जी. हे मला कुणी भाषांतर करून सांगायची गरज नव्हती.

तिनं घड्याळातल्या बाराकडं बोट केलं, घास तोंडाकडं नेल्यासारखं केलं आणि हात मधेच थांबवला. मी मान हलवली. वरखाली हलवली, कागदाचा घोळ नको म्हणून. मग तिनं मी दाखवायला आणलेलं संध्याकाळच्या गोळ्यांचं पाकीट उचललं आणि भुवया वर केल्या. मी पुन्हा मान हलवली. मग तिनं स्वतःचा हात पुढं धरला आणि थरथर कापवला. आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

नात म्हणाली, "काय चाललंय तुमचं? मला काहीतरी विचारा की. दुभाषी मी हाय."

तिला कुणी काही विचारलं नाय.

मी नातीकडं बघितलं. तिच्या मांडीवर तिचा फोन, त्यात पोराचा नंबर. मला माझं दार दिसलं, दारातलं सीताफळाचं झाड दिसलं, विहाराची वाट दिसली, आणि पाचव्या मजल्यावरची ती चादर दिसली. समोर पोरगीचा हात कापतच होता. ती काही तो खाली घेईना. तिला घाई नव्हती. मी उत्तर दिलं नसतं तर ती संध्याकाळपर्यंत हात कापवत बसली असती.

मी माझा हात तिच्या हाताशेजारी धरला आणि कापवून दाखवला.

दोघींचे हात त्या रिकाम्या खोक्यांसमोर कापत होते. सरांनी समोसा खाली ठेवला.

"आजी!" नात ओरडली. "म्हणजे त्या दिवशी मांजर नव्हतं!"

"मांजर पण होतं."

मग पोरगी भराभरा इंग्रजीत बोलली आणि नातीला अखेर काम मिळालं. गोळी शुगर खाली आणते. पोटात जेवण नसलं तर ती फारच खाली येते, म्हणून थरथर. धम्म सोडायचा नाय, पण पुनवेच्या संध्याकाळी ती गोळी बहुतेक नको. तसं आपल्या मनानं करायचं नाय, डॉक्टरांकडून आधी लिहून घ्यायचं. आणि हात कापायला लागले तर लगेच मधपाणी घ्यायचं.

"बारानंतर?" मी विचारलं.

"म्हणतीय, तिच्याकडं भंतेसुद्धा घेतात. औषध म्हणून चालतं."

हे मला माहीत नव्हतं. पुढं आमच्या भंतेजींना विचारलं, तर ते म्हणाले, बरोबर आहे, तुम्ही विचारलं कधी?

शेवटी नातीचा हात फोनकडं गेला, तशी पोरगी तिला काहीतरी ठासून म्हणाली. नातीचं तोंड पडलं.

"काय गं म्हणाली?"

"काउंटरवर पेशंटनं सांगितलेलं बाहेर न्यायचं नसतं म्हणतीय. आम्हाला पण शिकवलंय ते."

"मग?"

"मग काय. नाय नेत."

मॅडमनी पोरगीला पास केलं. सरांनी मला विचारलं, "आजी, हे आधी का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "चौकोन नव्हता." त्यांनी पेन काढून रोज्याच्या खाली एक चौकोन काढला. हातानंच काढला, जरा वाकडा झाला.

नातीनं खरंच चार दिवस तोंड उघडलं नाय. कुंपणापाशी यायची, माझ्याकडं बघायची, ओठ मिटून परत जायची. मलाच तिची दया आली. तोवर डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, पुनवेला संध्याकाळची गोळी बंद. मी पोराला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, इतके महिने चक्कर येत होती आणि बोलली नाहीस?"

"तू फोनवर विचारत होतास, जेवलीस का. मी दुपारी जेवलेली असायची."

"मी येतो न्यायला."

"ये. पण पुनवेला ये."

तो आला. संध्याकाळभर माझ्यासमोर खुर्ची टाकून बसला. सात वाजले, आठ वाजले. मी पाणी प्याले, पडदा नीट केला, हात पुढं धरून दाखवले. कापेनात. साडेआठला तो म्हणाला, "मला भूक लागलीय." मी त्याला भाकरी करून वाढली.

सकाळी तो एकटाच निघाला. जाण्याआधी डॉक्टरांची चिठ्ठी फ्रिजच्या दारावर चिकटवली आणि दिनदर्शिकेवर, गोळी बंदच्या दिवसांना, लाल पेनानं वर्षभर गोल केले. तो गेल्यावर बघितलं, तर सगळे गोल अमावास्येला.

मी ते एकेक करून खोडले आणि पुनवेला केले. नातीला बोलावून तपासून घेतले. ती म्हणाली, "आजी, हे तरी पुण्याच्या काकांना सांगू का?"

मी म्हटलं, "हे काउंटरवरचं नाय. खुशाल सांग."