साठ ग्रॅम युरिया

कॉलेजात अकरावीला रसायनशास्त्र शिकवताना एका चुकीवर माझा पारा हमखास चढायचा. विचारलेले असायचे अणू, पोरं काढायची रेणू. "अरे शहाण्यांनो, एका रेणूत अणू किती? त्यानं गुणायला काय तुमचे मामा येणार?" असं मी ओरडायचे. गणित नेहमी युरियाचं द्यायचे, कारण नेवाशाकडच्या पोरांच्या घरी युरियाची गोणी असतेच.

मला ते गणित पहिल्यांदा घातलं आप्पांनी, माझ्या वडिलांनी. मी अकरावीत असताना त्यांनी गोणीतून मूठभर युरिया आणून माझ्या वहीवर ठेवला. "मोज बरं, किती हाय?" साठ ग्रॅम धरून मी आकडा काढला. सहावर तेवीस शून्यं इतके रेणू, आणि एकेका रेणूत आठ अणू. "बाबौ!" आप्पा म्हणाले. "आन् मी आपला येड्यावानी नुसता फेकत हुतो!" मग गावभर सांगत सुटले, "पोरीचा आकडा कवा चुकत न्हाई."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या किडन्या थकल्या. रक्तातला युरिया नव्वदवर गेला. नगरचे डॉक्टर म्हणाले, आठवड्यात उतरला नाही तर लगेच घेऊन या, डायलिसिस सुरू करू. आठवड्यानं मी आप्पांचं रक्त जवळच्याच दुसऱ्या लॅबमध्ये तपासायला दिलं. रिपोर्टवर आकडा होता बेचाळीस. आनंदानं मी रस्त्यातच रडले. बाकीच्या ओळी वाचल्यासुद्धा नाहीत.

"मंग नगरला जायचं न्हाई ना?" आप्पांनी विचारलं.

"नाही आप्पा. निम्म्यावर आलाय."

त्या दिवशी ते दोन भाकरी जेवले.

तीन आठवड्यांनी वर्गात मी फळ्यावर लिहिलं, साठ ग्रॅम युरियात नायट्रोजन अठ्ठावीस ग्रॅम. आणि हात तिथंच थांबला. साठाला अठ्ठावीस, तर नव्वदाला किती? बेचाळीस. त्या लॅबनं अख्खा युरिया दिलाच नव्हता. त्यातला नुसता नायट्रोजन मोजून दिला होता, आणि तसं रिपोर्टवर स्वच्छ छापलंही होतं. युरिया नव्वदवरून तसूभरही हलला नव्हता. काय मोजलंय ते न बघता आकडा धरायच्या ज्या चुकीवर मी जन्मभर पोरांना फाडून खाल्लं, तीच मी माझ्या बापावर केली होती.

घरी पोचले तेव्हा आप्पांचे पाय सुजून टम्म झाले होते, दम लागत होता. तशीच गाडी करून नगर गाठलं. डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस काय करत होतात?"

संध्याकाळी मी खाटेजवळ बसले. सगळं सांगून टाकायचं असं ठरवलं होतं. माझं तोंड बघून आप्पाच म्हणाले, "रडू नगं. तुझं गणित बराबरच हुतं, माझंच आंग साथ देईना." मग सलाईन बघायला आलेल्या नर्सला म्हणाले, "ही माझी पोरगी. हिचा आकडा कवा चुकत न्हाई."

नर्स माझ्याकडे बघून हसली. मी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी आप्पा गेले, त्याच समजुतीत.